पुढची पाच वर्षं: फोनांच्या यादीआधी स्वाक्षरीच्या किल्ल्यांचं ठरवू

तिसरा_प्रहर (मूळ धागा)

नमस्कार मंडळी,

आपण फोनांसाठी अँड्रॉइडवर आधारलेली जी मुक्त प्रणाली बनवतो, तिच्या पुढच्या पाच वर्षांचं नियोजन म्हणून आपल्या बैठकांमध्ये एक यादी वाढत चालली आहे. कोणते नवे फोन घ्यायचे, कोणत्या आवृत्तीवर कधी जायचं, कॅमेऱ्याचं दुखणं कधी मिटवायचं. मुद्दे सगळे रास्त आहेत. पण ही यादी पुरी करायला आपण स्वतः पाच वर्षं टिकणार आहोत का, हे कुणी विचारत नाहीये. ते विचारायला हा धागा काढला.

सांगायला जड जातं, तरी सांगतो. मागच्या वर्षी शस्त्रक्रियेसाठी मी अठरा दिवस रुग्णालयात होतो. दुसऱ्याच दिवशी एका गंभीर सुरक्षा-त्रुटीचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, आला. आपल्यातल्या दोघांनी रात्रीतून तो आपल्या शाखेवर (कोडच्या आपल्या प्रतीवर) आणला, तिघांनी आपापल्या फोनांवर तपासला, बिल्ड (फोनावर घालायची तयार प्रणाली) तयार झाला आणि तिथेच अडकला. प्रकाशनावर डिजिटल स्वाक्षरी करायची किल्ली, जिच्याशिवाय फोन नवा बिल्ड घेत नाही, ती माझ्या टेबलाच्या खणातल्या जुन्या लॅपटॉपवर होती आणि तिचा पासफ्रेज फक्त माझ्या डोक्यात. मी पलंगावरून घरी फोन लावला. "काळ्या पडद्यावर शेवटच्या ओळीत काय लिहिलंय ते वाच." पलीकडून अक्षर अक्षर वाचून दाखवलं जात होतं, मी उत्तर सांगत होतो, दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा प्रयत्न करायला मीच नको म्हणालो. अठरा दिवस आपल्या सगळ्या वापरकर्त्यांचे फोन ती त्रुटी घेऊन फिरत होते. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. बोलायला हवं होतं.

आपला समाज हा एकखांबी तंबू आहे. फार तर तीनखांबी म्हणा. सर्व्हर एकाकडे, डोमेन माझ्या खाजगी खात्यावर, भाषांतराच्या साधनाचा पासवर्ड तिसऱ्याकडे.

आपल्या आधी ज्यांच्यावर हे गुदरलं त्यांच्याकडे बघा. सायनोजेनमॉड ही अशीच अँड्रॉइडवरची मुक्त प्रणाली. ती २००९ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये तिच्याभोवती कंपनी उभी राहिली आणि डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोड कुठेही गेला नव्हता, तो ज्याला हवा त्याला उतरवून घेता येत होता. गेलं ते नाव, गेले सर्व्हर. २४ डिसेंबरला त्याच कोडवरच्या लिनिएजओएसची घोषणा झाली. पण लोकांना जुन्यावरून नव्यावर डेटा न पुसता आणायला मध्ये स्थलांतराचा एक खास बिल्ड काढावा लागला, कारण दोन्हींच्या स्वाक्षऱ्या वेगळ्या. परवाना कोडला सांभाळतो. नाव, डोमेन आणि किल्ली यांना तो सांभाळत नाही.

उलट बाजूचं उदाहरण उबुंटू टच या फोनांसाठीच्या लिनक्स प्रणालीचं. ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने एप्रिल २०१७ मध्ये त्यातून अंग काढून घेतलं. तरी ती प्रणाली आजही चालू आहे, कारण यूबीपोर्ट्स या समाजाची मंडळी २०१५ पासूनच ती वेगवेगळ्या फोनांवर नेत होती. मालकाने हात काढला तेव्हा दुसऱ्यांचे हात आधीच कामात होते. मला त्यातलं हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं. वारस नेमून वारसा चालत नाही, वारसाने ते काम आधी केलेलं असावं लागतं.

अलीकडचं बघायचं तर डिसेंबर २०२४ मध्ये डाइव्हेस्टओएस ही अँड्रॉइडवरची मुक्त प्रणाली थांबली. तो बहुतांशी एका माणसाच्या खांद्यावर चाललेला प्रकल्प होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅलिक्सओएस या तशाच प्रणालीने नेतृत्वातल्या बदलांनंतर प्रकाशनं थांबवली आणि स्वाक्षरीची व्यवस्था नव्याने बांधायला घेतली. दोन्ही ठिकाणी मंडळी जीव तोडून काम करणारीच होती.

म्हणून माझा प्रस्ताव असा. नव्या फोनाचं नाव घेण्याआधी आपल्यात तीन माणसं अशी हवीत, ज्यांनी एक तरी प्रकाशन पहिल्या कमांडपासून शेवटच्या अपलोडपर्यंत स्वतः केलंय. "कसं करतात ते मला माहीत आहे" हे धरायचं नाही. नाव आणि डोमेन एखाद्या संस्थेच्या नावावर जावं, माझ्या नव्हे. आणि ज्या फोनाला जागता मेंटेनर (त्याचं काम सांभाळणारा माणूस) नाही, तो अधिकृत यादीतून काढायचा. हे तिसरं बऱ्याच जणांना आवडणार नाही, याची कल्पना आहे.

मोकळेपणाने लिहा.

---

रानवारा

+१. अठरा दिवसांचं वाचून पोटात कालवलं. त्यातल्या तिघा तपासणाऱ्यांपैकी एक मी होतो. तुमची तब्येत बरी नसताना किल्लीचं कसं विचारायचं, म्हणून गप्प बसलो.

---

कर्नलवाला

तिसऱ्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. सविस्तर लिहितो, कारण फोन का काढायचे हे कारणासकट कळलं नाही तर तो निव्वळ कद्रूपणा वाटेल.

प्रत्येक फोनाबरोबर कारखान्याने एक कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, दिलेला असतो आणि तो ज्या आवृत्तीवर आला तिथेच बहुधा अडकतो. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर ट्रेबल नावाची नवी रचना आली. वरची प्रणाली आणि खालचा कारखान्याचा भाग यांच्यात सरळ रेघ आखली गेली. त्यामुळे नवी आवृत्ती जुन्या फोनावर सुरू करणं पुष्कळ सोपं झालं. पण सुरू होणं वेगळं आणि सुरक्षित असणं वेगळं. खालचे ब्लॉब (कारखान्याच्या बंद फाइली) आणि मोडेमचं फर्मवेअर (त्या चिपमधला कोड) यांत आपण एक बाइटही बदलू शकत नाही. कारखान्याने पॅच थांबवला की ते भाग तिथेच गोठले. आणि कर्नलमधल्या नव्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीत आणायचं काम आता आणखी वाढणार आहे. दीर्घकाळ सांभाळायच्या लिनक्स कर्नलची मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणायचं २०२३ मध्येच जाहीर झालंय. उरलेली वर्षं ज्याची त्याने बघायची.

दुसरा रस्ता मेनलाइनचा, म्हणजे फोनासाठीचा कोड थेट मूळ लिनक्स कर्नलमध्ये नेण्याचा. पोस्टमार्केटओएस या फोनांच्या लिनक्स प्रणालीने २०१७ पासून तोच धरलाय, फोन दहा वर्षं चालावा या हेतूने. एक फोन मेनलाइनवर आणायला महिनोन् महिने जातात. ध्वनी लागतो तर कॅमेरा लागत नाही, कॅमेरा लागतो तर झोपेत बॅटरी उतरते. मी एका फोनाच्या चार्जिंगच्या ड्रायव्हरवर अख्खा हिवाळा घालवलाय. पण ते काम एकदा मूळ कर्नलमध्ये गेलं की ते आपल्या एकट्याचं राहत नाही. मला विचाराल तर जुन्या कर्नलवर दहा फोन ओढत नेण्यापेक्षा मेनलाइनवर दोन फोन नीट आणावेत.

आणखी एक गोष्ट नियोजनात धरायला हवी. मार्च २०२५ मध्ये गूगलने अँड्रॉइडचं सगळं काम अंतर्गत शाखेत नेत असल्याचं सांगितलं. कोड प्रकाशनानंतर मिळतो, पण चालू काम दिसत नाही. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला तेव्हा त्यात गूगलच्या पिक्सेल फोनांच्या डिव्हाइस ट्री (त्या त्या फोनाशी प्रणाली जुळवणाऱ्या फाइली) नव्हत्या. प्रणाली नव्या फोनावर नेणाऱ्याला मी आजवर तिथेच बोट दाखवायचो, "असं लिहितात बघ." तो कित्ता आता समोर नाही. म्हणजे तो आपल्यालाच लिहावा लागेल.

---

जुना_सोबती

मी असहमत आहे, आणि जरा दुखावलोय सुद्धा. माझा फोन सात वर्षांचा आहे. कारखान्याने त्याला दोन वर्षांत सोडलं, तुम्ही पाच वर्षं चालवलात. म्हणून तर मी इथे आलो. आता तुम्हीही तेच करणार असाल तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

---

कर्नलवाला

@जुना_सोबती, तुमचा राग योग्य जागी आहे. पण तुमच्या फोनाचा मेंटेनर शेवटचा कधी दिसला ते मी काल पाहिलं. चौदा महिने झाले. त्यानंतरचे बिल्ड यंत्राने आपोआप झालेत, कुणी हातात घेऊन तपासलेले नाहीत. पानावर मात्र "अधिकृत" असं हिरव्या अक्षरात लिहिलंय. त्या हिरव्या अक्षरांवर विसंबून तुम्ही तो फोन वापरता. ती खोटी ग्वाही मला सहन होत नाही. यादीतून काढणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. कोड राहील, शेवटचा बिल्ड राहील, आणि वर स्पष्ट लिहिलेलं असेल की याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. उद्या कुणी हात पुढे केला तर तो फोन परत यादीत.

तो हात तुमचाही असू शकतो. पहिले चार बिल्ड मी तुमच्या शेजारी बसून करीन.

---

जुना_सोबती

चौदा महिन्यांचं मला माहीत नव्हतं. विचार करतो.

---

साखळी

किल्ल्यांबद्दल. "तीन माणसांना द्या" हे ऐकायला सोपं आहे, पण २०२४ चा मार्च विसरू नका. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या लहानशा लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा, म्हणजे मुद्दाम लपवलेली चोरवाट, सापडला. तो घालणारा कुठल्याशा फटीतून आत आलेला नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ तो नेटकं काम करत होता, आणि त्याच सुमारास थकलेल्या मेंटेनरवर "काम पुढे सरकत नाही, दुसऱ्याला अधिकार द्या" अशा पत्रांचा दाब येत होता. शेवटी आंद्रेस फ्रॉइंड या विकासकांना एसएसएच (दूरच्या यंत्रात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं, म्हणून प्रकरण उघडं पडलं.

यातून "कुणालाच काही देऊ नका" असा अर्थ काढणं चूक होईल. तो मेंटेनर एकटा होता, आणि एकटा असल्यामुळेच त्याला गाठता आलं. पण किल्ली सोपवताना एका माणसाच्या भरवशावर काहीच राहू नये, नव्या नाही आणि जुन्याही नाही.

किल्लीचे तुकडे करून वाटायची संकेतशास्त्रज्ञ शमीर यांची रीत १९७९ पासून आहे. पाच तुकडे, कुठलेही तीन जमले की किल्ली तयार. राखीव प्रत ठेवायला ती उत्तम. रोजच्या स्वाक्षरीला मात्र नको, कारण तुकडे जोडताना पूर्ण किल्ली कुठल्या तरी एका यंत्रावर उघडी येतेच. रोजच्यासाठी किल्ली बाहेर न काढता येणाऱ्या हार्डवेअर टोकनमध्ये असावी, आणि दोघांनी मंजुरी दिल्याशिवाय स्वाक्षरीचं काम सुरूच होऊ नये. शिवाय तोच कोड दोन वेगळ्या यंत्रांवर बांधून बाइट न् बाइट सारखा निघतो का हे पाहायचं. एफ-ड्रॉइड या मुक्त भांडारावर कित्येक अ‍ॅप्ससाठी हे होतं. आपल्याला संपूर्ण प्रणालीसाठी लगेच जमणार नाही, निदान आपल्या स्वतःच्या अ‍ॅप्सपासून सुरुवात करू.

किल्ली बदलायची असेल तर आत्ताच बदला. अ‍ॅप्सच्या बाबतीत अँड्रॉइड ९ पासूनच्या स्वाक्षरी-पद्धतीत जुन्या किल्लीने नव्या किल्लीला मान्यता देता येते. पण आपली किल्ली घालून ज्यांनी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली तपासणारा भाग) पुन्हा बंद केलाय, त्यांचं अवघड आहे. ती किल्ली हरवली तर त्यांना बूटलोडर उघडावा लागेल, आणि उघडताना फोन सगळा डेटा पुसतो. आज ना उद्या हे करावं लागणारच आहे. चार महिने आधी सांगून, शांतपणे करू.

---

नवखी

मी इथे नवी आहे, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. तीन माणसं कुठून येणार, हे कुणीच विचारलेलं नाही.

मी सेटिंग्जच्या पानावरची एक चूक दुरुस्त केली होती. मोठ्या अक्षरात मजकूर ठेवला की शेवटचं बटण पडद्याखाली जायचं, एवढंच. नऊ ओळींचा पॅच. तो सात आठवडे पडून होता. रोज सकाळी उठून बघायचे. पाचव्या आठवड्यात वाटलं, आपण काहीतरी मूर्खासारखं केलंय आणि सगळे सांगायला संकोचताहेत. शेवटी एका ओळीत "छान, मर्ज केलं" (मूळ कोडात घेतलं) असं आलं, तेव्हा आनंद व्हायचं वय त्या पॅचचं निघून गेलं होतं.

दुसरं, बिल्ड करणं. गूगलच्याच सूचनेत ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम लिहिलीय. माझ्या लॅपटॉपला १६ जीबी आहे. म्हणजे दारातच पाटी आहे की तू आत येऊ नकोस. समाजाच्या बिल्ड सर्व्हरवर नव्या माणसाला थोडी जागा मिळाली, तर निम्मा प्रश्न सुटेल.

---

तिसरा_प्रहर

@नवखी, तो रिव्ह्यू माझ्याच रांगेत होता. माफी मागतो. माझ्याकडे तेव्हा साठावर पॅच साचले होते, आणि मी ते कुणालाच वाटून दिले नाहीत. किल्लीचं आणि रिव्ह्यूचं दुखणं एकच आहे, हे तुमचं वाचल्यावर लक्षात आलं.

---

वापरणारी

मी कोड लिहीत नाही, चार वर्षं वापरते आहे. आईला याच प्रणालीचा फोन दिला होता. तिला तो आवडला, अक्षरं मोठी, मध्ये मध्ये काही उडत नाही. मग एके दिवशी बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की हा फोन सुरक्षित नाही. आई घाबरली. तिला वाटलं तिच्याकडूनच काहीतरी दाबलं गेलं. मी तो फोन परत घेतला. नियोजनात याला जागा आहे का?

---

साखळी

जागा आहे, पण उपाय पूर्ण आपल्या हातात नाही. ही अ‍ॅप्स प्ले इंटेग्रिटी या गूगलच्या तपासणी-सेवेला विचारतात, ती फोनातल्या चिपला विचारते, आणि चिप खरं तेच सांगते की ही कारखान्याची प्रणाली नाही. त्याला फसवणारे मार्ग निघतात आणि महिन्याभरात बंद होतात. त्यांच्यामागे धावण्यात आपण वेळ घालवू नये असं माझं ठाम मत आहे. अँड्रॉइडमध्ये किल्लीवर आधारलेली साक्ष तपासायची खुली सोय आहे. तिने अ‍ॅपला आपल्या प्रणालीची किल्ली ओळखता येते. ती स्वीकारा म्हणून बँकांना एकेकट्याने लिहून काही होणार नाही, सगळ्या मुक्त प्रणालींनी मिळून लिहायला हवं.

अ‍ॅप बनवणाऱ्यांवरही संकट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की तिने प्रमाणित केलेल्या अँड्रॉइड फोनांवर ओळख पटवलेल्या विकासकांचीच अ‍ॅप्स बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये. एफ-ड्रॉइडने उघड विरोध केला. आपल्या प्रणालीला तो नियम थेट लागत नाही, पण बाहेरच्या फोनांवर वापरणारे घटले की मुक्त अ‍ॅप्स लिहिणारेही घटतील, आणि आपण त्यांच्याच जिवावर आहोत.

---

जमाखर्च

डोमेन आणि नाव संस्थेकडे जावं, याला अनुमोदन. स्वतःची संस्था काढायची तर नोंदणी, हिशेब, वार्षिक सभा हे सगळं आलं. आधीपासूनच्या छत्रसंस्थेत (अनेक प्रकल्पांचा कारभार बघणाऱ्या संस्थेत) जाणं सोपं. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट १९९७ पासून आहे, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी २००६ पासून. पण छत्रही कायमचं नसतं. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशनने २०२४ मध्ये गाशा गुंडाळला आणि तिच्या आसऱ्याला असलेल्या प्रकल्पांना दुसरं घर शोधावं लागलं. करारात "आम्ही बाहेर पडलो तर नाव आमच्याबरोबर येईल" हे वाक्य हवंच.

नाव कुणाच्या मुठीत असतं याचं महत्त्व २०२३ च्या अखेरीस दिसलं. सिंपल मोबाइल टूल्सची अ‍ॅप्स विकली गेली, आणि काम करणाऱ्यांना फोसिफाय या नव्या नावाने सगळं परत उभं करावं लागलं. के-९ मेल या मेलच्या अ‍ॅपने वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये ते थंडरबर्ड या संगणकावरच्या मेल-प्रकल्पाच्या घरात गेलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कोडवर अँड्रॉइडसाठीचं थंडरबर्ड आलं. घर विचारपूर्वक निवडलं की असं होतं.

युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा (डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेचा) डिसेंबर २०२७ पासून पूर्ण लागू होतोय. त्यात मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थांसाठी वेगळी, हलकी जबाबदारी ठेवली आहे. त्रुटी कळवायला एक ठरलेला पत्ता आणि ती हाताळायची लेखी पद्धत एवढं तरी आपल्याकडे असायलाच हवं, कायदा असो वा नसो.

देणग्यांचं म्हणाल तर पहिला पैसा बिल्ड सर्व्हरवर जावा. नवखीने मागितलेली जागा त्यातून निघेल.

---

तिसरा_प्रहर

लष्कराच्या भाकऱ्या भाजतो आहोत असं काहींना वाटतं. मला तसं कधीच वाटलं नाही. आपला बिल्ड वापरणाऱ्या माणसाने ज्या दिवशी मला लिहिलं की त्याचा टाकून द्यायला काढलेला फोन आता त्याची मुलगी अभ्यासाला वापरते, त्या दिवसापासून हे माझं स्वतःचं काम आहे. म्हणूनच ते माझ्या डोक्यात अडकून राहायला नको.

तर पुढचं प्रकाशन मी करणार नाही. साखळी आणि रानवारा मंजुरी देतील, आणि नवखी तयार असतील तर कमांड त्या चालवतील. त्यांच्या हातात किल्ली जाणार नाही, फक्त पायऱ्या जातील. मी फोनवर असेन, पण कळफलकाला हात लावणार नाही. पायऱ्यांचा कागद काल रात्री लिहून विकीवर टाकलाय, एकूण बावीस पायऱ्या. कर्नलवाला, मेंटेनर नसलेल्या फोनांची यादी रविवारपर्यंत टाका. हिरवी अक्षरं त्याच दिवशी बदलू.

---

जुना_सोबती

त्या यादीत माझा फोन टाका. आणि कर्नलवाला, शनिवारी वेळ असेल तर पहिला बिल्ड करू या.

---

नवखी

मी तयार आहे. कागद वाचून काल चाचणीच्या किल्लीवर सगळं एकदा करून पाहिलं. अकराव्या आणि बाराव्या पायरीच्या मध्ये एक पायरी सुटली आहे. बिल्डची फाइल स्वाक्षरीच्या यंत्रावर न्यायची कशी, ते कुठेच लिहिलेलं नाही. @तिसरा_प्रहर, तुमचा हात ते आपोआप करत असणार. कसं करता ते इथे सांगा, मी कागदात भरते.